काळी दोनच्या पट्टीत ‘मिसर्लू’ : नौपाड्यातील एका नोटेशन सेवेचा अनुभव

ठाण्यात गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, ध्वनिमुद्रण ऐकून त्याचे नोटेशन लिहून देणारी एक लहानशी सेवा चालते. सकाळी तिथे हार्मोनियमचा वर्ग भरतो आणि अकरा वाजल्यानंतर त्याच खोलीत नोटेशनचे काम सुरू होते. ते करणाऱ्या ताई हार्मोनियम आणि पियानो अशी दोन्ही वाद्ये शिकलेल्या आहेत आणि त्यांचा कान या दोन्ही परंपरांत तयार झालेला आहे. आपले नाव कुठे छापून येऊ नये, अशी त्यांची इच्छा असल्यामुळे मी ते देत नाही; परंतु नौपाड्यातील वाद्यदुरुस्तीच्या दुकानांत विचारल्यास पत्ता सहज मिळतो. आमच्या वसाहतीच्या वर्धापनदिनासाठी मी त्यांच्याकडून ‘मिसर्लू’ या प्रसिद्ध सर्फ वाद्यरचनेचा सहा वाद्यांसाठी चार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याने काय वाजवायचे ते लिहिलेले कागद, करून घेतला. चोवीसशे रुपये खर्च झाले, पाच दिवसांचा वायदा नऊ दिवसांवर गेला, आणि तरीही हे काम मला समाधानकारक वाटले. त्याची कारणे सविस्तर सांगण्यासारखी आहेत, कारण मुख्य प्रश्न पट्टीचा, म्हणजे षड्ज कोणत्या स्वरावर धरायचा याचा, होता आणि तो वाटला होता त्याहून बराच खोल निघाला.

सर्फ संगीत म्हणजे १९६० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या तरुणांच्या नृत्यसभांमधून पुढे आलेले, बहुतांशी शब्दांविना वाजणारे गिटारप्रधान संगीत. डिक डेल (१९३७–२०१९) हे त्यातले अग्रणी. त्यांचे मूळ नाव रिचर्ड मन्सूर होते, वडील लेबनीज वंशाचे होते आणि काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवत असत. एकाच तारेवर संपूर्ण धून वाजवून दाखवशील का, असे एका लहान श्रोत्याने विचारले तेव्हा काकांच्या ऊदवर ऐकलेली ‘मिसर्लू’ आठवली आणि ती कितीतरी पटींनी द्रुत करून गिटारवर उतरवली, असे डेल सांगत असत. त्यांचे ध्वनिमुद्रण १९६२ साली बाजारात आले. धून मात्र त्याहून पुष्कळ जुनी, पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरातली आहे. ग्रीक भाषेतील तिचे ज्ञात असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण १९२७ सालचे आहे, आणि ‘मिसर्लू’ या शब्दाचा अर्थ ‘मिसरची’, म्हणजे इजिप्तची स्त्री, असा होतो. १९९४ च्या एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटाने ही रचना नामावलीवर वापरल्यापासून आपल्याकडच्या तरुण गिटारवादकांनाही ती माहीत झाली आहे.

आमच्या चमूत लीड गिटार माझ्याकडे असते. दुसरी गिटार, बेस, ड्रम, आल्टो सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट हे बाकीचे पाच. ट्रम्पेट वाजवणारे दादा कळव्याच्या एका लग्नाच्या बँडमध्ये पंधरा वर्षे वाजवत आले आहेत. त्यांचे फुंकीवरचे प्रभुत्व असामान्य आहे, पण पाच रेघांचे नोटेशन ते वाचत नाहीत. सरगम मात्र अस्खलित वाचतात. डेल यांच्या ध्वनिमुद्रणात मधला एक भाग ट्रम्पेटवर आहे, म्हणून ट्रम्पेटला वगळून हा चार्ट करता येणार नव्हता.

प्रथम मी एका संकेतस्थळावरून तयार चार्ट विकत घेतला होता. त्याच्या मुखपृष्ठावर ‘जी मायनर’ असे छापले होते आणि सुरुवातीला दोन कोमल चिन्हे होती. आठवडाभर आम्ही तो घोळवत राहिलो. गिटारचा आवाज पातळ येत होता, सॅक्सोफोन कुठेतरी खटकत होता आणि धून कुठेच विसावत नव्हती. काय चुकते आहे ते आमच्यापैकी कोणालाही नेमके सांगता येईना. तालमीनंतर मासुंदा तलावाच्या काठावर बसून आम्ही कितीदा तरी मूळ ध्वनिमुद्रण ऐकले आणि कितीदा तरी एकमेकांना दोष दिला. अखेर बेस वाजवणाऱ्या मित्राने या ताईंचा पत्ता आणला.

ताईंनी तो छापील चार्ट हातात घेतला, हार्मोनियमवर दोन ओळी वाजवल्या आणि विचारले, “हिचा सा कुठे आहे असं तुम्हाला वाटतं?” मी मुखपृष्ठाकडे पाहून ‘जी’ म्हणालो. त्यांनी भात्यावर हात ठेवून ‘डी’, म्हणजे पांढरी दोन, नुसती धरून ठेवली आणि त्यावर पुन्हा धून वाजवली. क्षणात सगळे जागेवर बसले. त्या चार्टची धून ‘डी’वर उभी होती, ‘डी’वरच परत येत होती, आणि ‘जी’ हा तिचा मध्यम होता. स्वर मोजून पट्टी ठरवणाऱ्या संगणकीय पद्धतीत ही चूक सहज होते, कारण ‘डी’पासूनच्या या सप्तकातले बहुतेक स्वर ‘जी’च्या हार्मोनिक मायनरमध्येही सापडतात, स्वर कोणते आहेत ते यंत्र सांगू शकते, पण त्यांतला घरधनी कोण, हे ठरवायला ऐकावे लागते.

पुढची गोष्ट त्यांनी ज्या सहजतेने सांगितली ती मी विसरणार नाही. “स्वर पाहा ना,” त्या म्हणाल्या, “सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नि. हा भैरव थाट आहे.” पाश्चात्त्य संगीतशास्त्रात याच सप्तकाला दुहेरी हार्मोनिक म्हणतात आणि अरबी-तुर्की परंपरेत हिजाजकार. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी एक, ज्यातला राग आपण पहाटे ऐकतो, तो कॅलिफोर्नियातल्या नाचाच्या सभेत इतक्या वेगाने वाजत होता, ही गोष्ट कळल्यावर मला खरोखर आनंद झाला. राग भैरव आणि ही धून एक नव्हेत, हेही ताईंनी तितक्याच आग्रहाने सांगितले. भैरवातल्या रिषभ-धैवतांचे संथ आंदोलन या वेगात शक्य नाही, आणि चलनही वेगळे आहे. स्वरसमूह तेवढा समान आहे. त्यातही त्यांनी आणखी एक बारकावा दाखवला. हिजाज आणि हिजाजकार यांत फरक निषादाचा असतो. निषाद कोमल केला की तोच स्वरसमूह आपल्या बसंतमुखारीचा होतो. म्हणून सगळीकडे शुद्ध निषाद गृहीत न धरता, ध्वनिमुद्रणाचा वेग अर्धा करून त्यांनी प्रत्येक निषाद स्वतंत्रपणे ऐकला आणि चार्टमध्ये त्या त्या जागी चिन्ह स्पष्ट छापले. वाचणाऱ्याने आधीच्या मात्रेवरून अंदाज करावा, अशी एकही जागा त्यांनी ठेवली नाही.

याच दृष्टीने जुन्या चार्टमधली दुसरी चूक उघडी पडली. त्यात पहिल्या भागाच्या शेवटी ‘ए सेव्हन’ ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा स्वरसमूह, होती. पंचमावरून घरी परतण्याची ही सवय पाश्चात्त्य हार्मनीत इतकी रुजलेली आहे की लिहिणाऱ्याचा हात आपोआप तिकडे जातो. परंतु त्या कॉर्डमध्ये शुद्ध रिषभ येतो, आणि धून त्याच वेळी कोमल रिषभावर असते. सॅक्सोफोन जिथे खटकत होता ती नेमकी हीच जागा. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मित्राला मी तीनदा सूर लावायला सांगितले होते, आणि त्याचा सूर तीनही वेळा बरोबर होता. त्या दिवशी खोलीबाहेर पडताच मी त्याला फोन करून क्षमा मागितली. ताईंनी पंचमाची कॉर्ड काढून टाकली. कोमल रिषभावरची मेजर कॉर्ड आणि मध्यमावरची मायनर कॉर्ड या दोन्ही भैरवाच्या स्वरांतूनच तयार होतात. त्यांच्यावर आणि षड्जाच्या मेजर कॉर्डवर त्यांनी सारा चार्ट उभा केला. दुसऱ्या गिटारने पहिला भाग बहुतेक वेळ एकाच कॉर्डवर, तंबोऱ्यासारखा धरून ठेवावा, ही सूचनाही त्यांचीच. ती मला सर्वांत मोलाची वाटते.

आता पट्टी. डेल यांची पट्टी ‘ई’, म्हणजे पांढरी तीन, आणि तिचे कारण गिटारच्या रचनेत आहे. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी सोडली की ‘ई’ वाजतो. या धुनेचा षड्ज त्या मोकळ्या तारेवर बसतो आणि पुढचे स्वर त्याच तारेवर पहिल्या, चौथ्या, पाचव्या, सातव्या, आठव्या, अकराव्या आणि बाराव्या पडद्यांवर सरळ रेषेत मिळतात. सतारीच्या दा-रा सारखे खाली-वर आघात करत एकच हात तारेवरून वर सरकत जातो, आणि त्यामुळेच तो घुमणारा, दाट आवाज तयार होतो. ‘डी’मध्ये लिहिलेला चार्ट पियानोवर चुकीचा नाही. गिटारवर मात्र षड्जासाठी चौथी, पातळ तार घ्यावी लागते आणि सगळा दम निघून जातो. आमचा आवाज पातळ का येत होता, याचे उत्तर इतके साधे होते.

मग सरळ ‘ई’ घ्यायला हरकत कोणती? इथेच ताईंनी बाकीच्या वाद्यांची चौकशी सुरू केली. आल्टो सॅक्सोफोनचे लिखित ‘सी’ हे प्रत्यक्षात ‘ई फ्लॅट’ वाजते आणि ट्रम्पेटचे लिखित ‘सी’ हे ‘बी फ्लॅट’. गिटार ‘ई’मध्ये असेल तर सॅक्सोफोनला ‘सी शार्प’पासून आणि ट्रम्पेटला ‘एफ शार्प’पासून हेच भैरवाचे स्वर वाजवावे लागतात. आधीच अवघड असलेले सप्तक, त्यात इतकी चिन्हे, आणि वर हा वेग. हौशी वादकांकडून ते स्वच्छ होणे कठीण. ताईंनी कागदावर छोटा तक्ता आखला, निरनिराळ्या पट्ट्यांपुढे प्रत्येक वाद्याला काय वाचावे लागेल ते लिहिले आणि ‘ई फ्लॅट’वर, आपल्या हार्मोनियमच्या भाषेत काळी दोनवर, बोट ठेवले. त्या पट्टीत सॅक्सोफोन ‘सी’पासून वाजवतो, ट्रम्पेट ‘एफ’पासून, आणि गिटार व बेस यांनी सर्व तारा अर्धा स्वर उतरवल्या की त्यांची बोटे तसूभरही बदलत नाहीत, मोकळी जाड तार मोकळीच राहते. मूळ ध्वनिमुद्रणापासूनचे अंतर अवघे अर्ध्या स्वराचे. जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ८२.४ ऐवजी ७७.८ होतात, आणि हा फरक श्रोत्यांपैकी कोणाला जाणवेल असे मला वाटत नाही.

एक तोटा राहतो, आणि तो त्यांनी आपणहून सांगितला. अर्धा स्वर उतरवल्यावर तारेचा ताण सुमारे अकरा टक्क्यांनी कमी होतो, आणि जोरकस आघातांना ढिली तार साथ देत नाही; ती फडफडते व सूर क्षणभर वर जाऊन खाली येतो. म्हणून माझ्या दहा गेजच्या संचाऐवजी अकराचा संच लावावा, असा त्यांचा सल्ला होता (गेज म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली तारेची जाडी; संच त्यातल्या सर्वांत पातळ तारेच्या गेजवरून ओळखतात). डेल स्वतः फार जाड तारा वापरत, त्यांची सर्वांत जाड तार साठ गेजची असे. अकराच्या संचाने माझी बोटे पहिले चार दिवस दुखली, पण आवाजाचा पोत इतका सुधारला की आता मी मागे जाणार नाही. स्वतः गिटार न वाजवणाऱ्या व्यक्तीने तारेच्या ताणापर्यंत विचार करावा, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

चार्टची मांडणी हा या सेवेचा दुसरा मोठा गुण आहे. प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा, ए-फोर आकाराचा, एका बाजूला छापलेला. अक्षर मोठे, आणि प्रत्येक भाग नव्या ओळीवर सुरू होणारा. द्रुत आघातांसाठी एकेक सोळांश स्वर सुटा न छापता मोठा स्वर लिहून त्याच्या दांडीवर दोन तिरक्या रेघा दिल्या आहेत. त्यामुळे डोळा धुनेचा आकार पाहतो आणि मोजणी हातावर सोडता येते. जुन्या चार्टमध्ये हेच सारे सुटे छापल्याने दोन पानांचा मजकूर सात पानांवर गेला होता. वरून खाली घसरत येणारी, सर्फ गिटारची ओळख असलेली ग्लिसांडो कोणत्या पडद्याच्या आसपास सुरू करावी आणि कोणत्या मात्रेवर संपवावी, हेही लिहिलेले आहे. स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगच्या साहाय्याने आवाजाला दिलेला घुमारा, किती ठेवावा, याबद्दल मात्र एक शब्दही नाही. १९६१ पासून फेंडर कंपनीचे स्वतंत्र रिव्हर्ब यंत्र बाजारात आले आणि त्याचा थेंब टपकल्यासारखा ओला आवाज या संगीताशी कायमचा जोडला गेला, हे लक्षात घेता एखादी सूचना हवी होती, असे मला वाटते.

ट्रम्पेटच्या कागदाविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. त्यात पाच रेघांच्या खाली, भातखंडे पद्धतीने, देवनागरीत सरगम आहे. कोमल रिषभ आणि कोमल धैवत यांच्याखाली आडवी रेघ, तार सप्तकासाठी वर बिंदू, आणि मात्रांच्या खुणा. सर्वांत वर एकच सूचना होती, ‘तुमच्या वाद्याचा एफ म्हणजे सा’. दादांनी कागद हातात घेतला, दोनदा गुणगुणला आणि तिसऱ्या वेळी ट्रम्पेट तोंडाला लावून मधला संपूर्ण भाग न अडखळता वाजवला. “हे आधी कोणी असं लिहून दिलं असतं तर आठ दिवस वाचले असते, सर,” एवढेच ते म्हणाले. आमच्या भागातल्या बँडमध्ये असे कितीतरी तयारीचे वादक आहेत, ज्यांना केवळ नोटेशनच्या लिपीमुळे अशा रचनांपासून दूर राहावे लागते, आणि ही दोन ओळींची सोय त्यांच्यासाठी दार उघडते. यासाठी ताईंनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चार दिवसांचा उशीर आमच्यासारख्या चमूला, जिची तालीम केवळ शनिवार-रविवारी होते, फार महागात पडतो, आणि उशीर होणार हे मला विचारल्यावरच कळले. ड्रमचा कागद सर्वांत कमकुवत आहे. त्यात मूळ ठेका एकदा लिहून पुढे ‘असेच’ अशी सूचना दिलेली आहे, भागाभागांना जोडणारे तुकडे वादकावर सोडले आहेत, आणि ज्याने ही रचना पूर्वी ऐकलेली नाही त्याला त्यावरून वाजवता येणार नाही. दुसऱ्या भागात एका ठिकाणी सॅक्सोफोनच्या कागदावर एक मात्रा कमी पडली होती. ती दाखवल्यावर ताईंनी त्याच संध्याकाळी सुधारित पान पाठवले, पण सहाही कागद देण्यापूर्वी एकमेकांशी ताडून पाहिले असते तर ही चूक राहिली नसती. शिवाय बदल करता येईल अशी संगणकीय फाइल त्या देत नाहीत, केवळ छापील प्रत आणि पीडीएफ देतात. पुढे पट्टी बदलायची झाल्यास पुन्हा त्यांच्याकडेच जावे लागते.

चोवीसशे रुपये ही रक्कम तयार चार्टच्या तुलनेत कितीतरी अधिक आहे. एकट्याने, घरी, केवळ गिटारवर वाजवणाऱ्याला ती खर्च करण्याची गरज नाही. त्याने ‘ई’मध्येच वाजवावे, मोकळी तार धरावी आणि वर दिलेले पडदे पाठ करावेत. ज्यांच्या चमूत फुंकीची वाद्ये आहेत, किंवा ज्यांच्यातले काही सरगम वाचतात आणि काही पाच रेघा, त्यांनी मात्र दुसरीकडे वेळ घालवू नये.

वर्धापनदिनी आम्ही ही रचना काळी दोनमध्ये वाजवली. त्यानंतरच्या आठवड्यात मी ताईंकडे दुसरे काम दिले आहे, ‘द शांटेज’ या गटाचे १९६३ साली गाजलेले ‘पाइपलाइन’. तेही ‘ई’वरच उभे आहे, पण मायनरमध्ये, आणि फुंकीच्या वाद्यांसाठी पुन्हा अर्धा स्वर उतरावे की नाही, याचा निर्णय अजून व्हायचा आहे. जाणाऱ्यांनी दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान आधी फोन करून जावे, ध्वनिमुद्रणाची चांगली प्रत सोबत न्यावी, चमूत कोणती वाद्ये आहेत, कोण काय वाचतो आणि गिटारला कोणत्या गेजच्या तारा आहेत हे लिहून न्यावे, आणि कार्यक्रमाच्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधी काम सोपवावे.